एका दिवसाची सहल : लोहगडचा विंचूकाटा



सुटीचा दिवस जवळ आला कीं शहरांतील पुष्कळ घरांत एक विषय हटकून निघतो. कोणी तरी म्हणतो, "यंदा कोठें तरी डोंगरावर जाऊं." दुसरा एखादें नांव सुचवितो, तिसरा डब्यांत काय न्यावयाचें तें विचारतो, आणि पांच-दहा मिनिटांत बेत ठरला असें मानून मंडळी निजावयास जातात. वस्तुतः ठरलेलें असतें तें केवळ जाणें. येणें कसें व केव्हां, याचा विचार कोणींच केलेला नसतो. आज मी आपल्याशीं बोलणार आहें तें या राहून गेलेल्या अर्ध्या भागाविषयीं. सकाळीं निघावें, डोंगराच्या टोंकावर उभें राहून खालचा मुलूख डोळे भरून पाहावा, आणि दिवेलागणीच्या आंत घरचीं सारीं माणसें हंसतमुखानें परत यावींत, असा बेत कसा आंखावा, एवढाच माझा विषय आहे.

नुसत्या उपदेशानें काम भागत नाहीं, म्हणून एक खरें ठिकाण आपल्यासमोर ठेवितों. पुण्याहून लोणावळ्यास जाणाऱ्या लोकलगाडींत बसलें म्हणजे लोणावळ्याच्या अलीकडचें शेवटचें स्टेशन येतें तें मळवली. पुण्याहून तेथवर सुमारें सवा तास लागतो. मुंबईकरांनीं लोणावळ्यास उतरून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलनें एक स्टेशन पुढें यावें. मळवलीस उतरून दक्षिणेकडे तोंड केलें कीं दोन डोंगर शेजारीं शेजारीं बसलेले दिसतात. डाव्या हाताचा विसापूर, सुमारें १०८४ मीटर उंच. उजव्या हाताचा लोहगड, सुमारें १०३३ मीटर, म्हणजे चौतीसशें फुटांच्या आंतबाहेर. दोहोंच्या मध्यें गायमुख नांवाची खिंड आहे. मळवलीहून द्रुतगति महामार्गावरील पूल ओलांडून भाजें गांवांत यावें, तेथून वळणावळणानें चढत खिंड गांठावी, खिंडींतून लोहगडवाडी, आणि वाडींतून बांधलेल्या पायऱ्यांनीं गडावर, अशी ही सरळ वाट आहे. चुकण्यासारखी नाहीं, दोर लावून चढण्यासारखी नाहीं, आणि सामान्य प्रकृतीच्या कोणाहि माणसास झेपणारी आहे.

गडावर पाहावयाचें काय, तेंहि सांगतों. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकाच्या वर एक आहेत, आणि त्यांना जोडणारी वाट सर्पासारखी वळणें घेत जाते. वरच्या तटावरून खालीं पाहिलें म्हणजे ही सर्व रचना एका दृष्टिक्षेपांत ध्यानीं येते, आणि शत्रूला प्रत्येक वळणावर वरून मारा सोसावा लागेल अशी योजना करणाऱ्याच्या बुद्धीचें कौतुक वाटतें. १६६५ सालच्या पुरंदरच्या तहांत जे तेवीस किल्ले मोंगलांस द्यावे लागले त्यांत हा एक होता, आणि १६७० सालीं तो मराठ्यांनीं परत घेतला. पुढें पेशवाईंत नाना फडणीसांनीं येथें बरेंच बांधकाम केलें. माथ्यावर सोळा कोनांचें एक तळें आहे, तें त्यांच्याच नांवानें सांगितलें जातें. २०२५ सालच्या जुलै महिन्यांत मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें, त्यांत लोहगडची गणना झाली आहे.

परंतु मला स्वतःला या गडाचें मोठें आकर्षण वाटतें तें त्याच्या पश्चिमेच्या अंगास निघालेल्या सोंडेचें. सुमारें दीड किलोमीटर लांब आणि रुंदीनें अगदीं चिंचोळी अशी ही सोंड दुरून विंचवाच्या नांगीसारखी दिसते, म्हणून तिला विंचूकाटा म्हणतात. माथ्याच्या कडेवर उभें राहिलें कीं ती पायाखालीं लांबवर पसरलेली दिसते. तिच्या डाव्या अंगास पवना धरणाचा विस्तीर्ण जलाशय, त्याच्या कांठावर तुंग आणि तिकोना हे दोन टोंकदार किल्ले. उजव्या अंगास इंद्रायणीचें खोरें, त्यांतून जाणारी आगगाडी, आणि पलीकडच्या डोंगरांत कार्ल्याचीं लेणीं. बोरघाटानें कोंकणांतून वर येणारा जुना व्यापारी मार्ग याच खोऱ्यांतून जात असे. भाजें, कार्लें, बेडसें येथील लेणीं येथेंच कां कोरलीं गेलीं आणि घाटाच्या राखणीस हे किल्ले येथेंच कां बसले, हें पुस्तकांतून मुलांस समजावून सांगण्यास एक तास लागतो. येथें बोट दाखविलें कीं दोन मिनिटांत समजतें. पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांनीं तर पवनेचें पाणी अवश्य पाहावें. आपल्या घरच्या नळास येणारें पाणी कोणत्या डोंगरावरून उतरतें हें पाहिलेलें मूल तोटी उघडी टाकतांना निदान एकदां विचार करील.

असो. ठिकाण ठरलें. आतां बेत आंखावयाचा. तो कोठून आंखावा? पुष्कळ लोक सकाळच्या गाडीपासून आरंभ करितात. माझें सांगणें असें कीं आरंभ सूर्यास्तापासून करावा. डिसेंबरांत या भागांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. डोंगरांत सूर्य मावळल्यावर उजेड फार वेळ टिकत नाहीं, आणि दऱ्याखोऱ्यांत तर त्याच्याहि आधीं अंधारूं लागतें. म्हणून दीड तास राखीव ठेवावा, आणि साडेचार वाजतां मळवलीस पोंचावयाचें असें कागदावर लिहावें. खालीं उतरण्यास बायकामुलांसह अडीच तास, आणि वाटेंतील भाज्यांच्या लेण्यांस एक तास, असे साडेतीन तास साडेचारांतून वजा केले म्हणजे उरला दुपारचा एक. एक वाजतां महादरवाजा सोडावयाचा. ही झाली परतीची वेळ, आणि साऱ्या बेतांतील मुख्य आंकडा हाच.

आतां चढण्याचा हिशेब. डोंगरांत अंतर केवळ किलोमीटरांनीं मोजून भागत नाहीं, चढहि मोजावा लागतो. विल्यम नेस्मिथ नांवाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं यासाठीं एक सोपा नियम सांगितला. आजच्या मापांत तो असा मांडतां येईल : सपाटीच्या पांच किलोमीटरांस एक तास, आणि वर चढावयाच्या दर सहाशें मीटरांस आणखी एक तास. मळवली ते महादरवाजा ही वाट मोजणीसाठीं सात किलोमीटर धरूं, आणि चढ चारशें मीटर. सात किलोमीटरांस एक तास चोवीस मिनिटें, चारशें मीटरांस चाळीस मिनिटें. बेरीज दोन तास चार मिनिटें. पण हा नियम धडधाकट चालणाऱ्यांचा, आणि तोहि वाटेंत न थांबतां. घरची मंडळी थांबणार, पाणी पिणार, रानफूल पाहणार, एखाद्याच्या पायांत कांटा मोडणार. म्हणून या बेरजेंत तिची निम्मी मिळवावी. म्हणजे झाले सुमारें तीन तास. सकाळीं साडेसातास मळवलीहून निघालें तर साडेदहास महादरवाज्यांत. तेथून एक वाजेपर्यंत अडीच तास हातांत राहतात. सव्वाअकरापर्यंत विंचूकाट्याच्या वरचा कडा, तेथें देखावा, भोजन व विसांवा, आणि सावकाश परत महादरवाजा. गणित कोणत्याहि चौथ्या इयत्तेच्या मुलास करतां येईल असें आहे. तें त्यालाच करावयास सांगावें. ज्यानें वेळ काढली, तो ती पाळण्याविषयीं मोठ्यांहूनहि दक्ष राहतो, असा माझा अनुभव आहे.

या हिशेबांत मीं एक गोष्ट गृहीत धरली आहे. चाल कोणाची धरावयाची? साधारणतः बेत आंखणारा स्वतःची चाल धरतो, आणि बेत आंखणारा बहुधा मंडळींतला सर्वांत उत्साही व सर्वांत दणकट माणूस असतो. येथेंच सारें चुकतें. डोंगरावर मंडळींची गति म्हणजे सर्वांत मंद चालणाऱ्याची गति. तिच्याहून निराळी गति मंडळींना नसतेच. फार तर मंडळींचे दोन तुकडे होतात.

आपण पाहिलें असेल. चार धट्टेकट्टे लोक पुढें जातात, एका झाडाखालीं बसतात, गप्पा मारितात, पाणी पितात. दहा-पंधरा मिनिटांनीं मागचा माणूस धापा टाकीत तेथें येऊन पोंचतो. त्याला पाहतांच पुढचे उठतात आणि म्हणतात, "आला? चला तर मग!" म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना ती मिळाली, आणि ज्याला खरी गरज होती त्याच्या वांट्यास ती एकदांहि आली नाहीं. असें चार वेळां झालें कीं तो माणूस थकतो, मनांतून हिरमुसतो, आणि पायांकडे त्याचें लक्ष राहत नाहीं. डोंगरांतले बरेचसे पाय याच अवस्थेंत मुरगळतात.

शाळेंत असतांना मुलांच्या सहलींबरोबर जाण्याचें काम पुष्कळ वर्षें माझ्याकडे होतें. एका वर्गांत एक मुलगा अंगानें अगदीं किरकोळ होता. प्रकृतीचा दोष कांहीं नव्हता, परंतु चढावर तो नेहमीं शेवटचा. इतर मुलें त्याला हांका मारीत, आणि हांका मारण्यांत प्रेम किती व थट्टा किती हें मुलांना स्वतःलाहि सांगतां आलें नसतें. आमच्या कवायत शिकविणाऱ्या सहकाऱ्यानें त्या दिवशीं एक साधी गोष्ट केली. त्यानें आपल्या मनगटावरील घड्याळ त्या मुलाच्या हातांत बांधलें, त्याला रांगेच्या अग्रभागीं उभें केलें, आणि सांगितलें कीं दर वीस मिनिटांनीं तूं थांब म्हणशील तेव्हां सर्वांनीं थांबावयाचें, आणि तुझ्या पुढें कोणी जावयाचें नाहीं. स्वतः तो सर्वांच्या मागें राहिला. आम्ही वर पोंचलों तेव्हां ठरल्याहून बारा-पंधरा मिनिटें अधिक झालीं होतीं, एवढाच काय तो तोटा. वर पोंचल्यावर त्या मुलाचा कोणीं जयजयकार केला नाहीं, आणि तें बरेंच झालें. तो इतरांबरोबर डबा उघडून बसला, इतकेंच. मात्र पुढच्या वर्षीं सहलीसाठीं नांवें मागविलीं तेव्हां पहिलें नांव त्याचें होतें.

हा नियम घरच्या मंडळींस जसाच्या तसा लागूं करावा. सर्वांत सावकाश चालणारा पुढें, सर्वांत भरंवशाचा मागें. घरांत आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासाठीं बेताचा निराळा भाग आधींच ठरवावा. लोहगडवाडीपर्यंत मोटारीचा रस्ता गेला आहे. चालणाऱ्यांनीं मळवलीहून यावें, वृद्धांनीं वाहनानें वाडीस यावें, आणि तेथून पायऱ्यांनीं जेवढें झेपेल तेवढें चढावें. गणेश दरवाज्यापर्यंत गेल्या तरी आजींनीं गड पाहिला असेंच समजावें. मात्र हें घरीं ठरवावें. पायथ्याशीं उभें राहून, दहा माणसांच्या देखत, "तुला जमेल का ग?" असें विचारूं नये. त्या प्रश्नास कोणीहि अभिमानी बाई "न जमायला काय झालें?" असेंच उत्तर देणार.

विंचूकाट्याविषयींहि हाच विवेक हवा. माथ्यावरून त्या सोंडेवर उतरतांना कातळाचा एक छोटा टप्पा लागतो. ज्यांना हातापायांचा भरंवसा आहे त्यांनीं उतरावें. ज्यांना नाहीं त्यांनीं वरच्या कड्यावरूनच पाहावें. आणि खरें सांगावयाचें तर विंचूकाट्याचा आकार वरूनच नीट दिसतो. जो उतरला नाहीं त्याचें कांहींच हुकत नाहीं.

आतां ऋतूचा प्रश्न. अलीकडे लोहगड म्हटला कीं लोकांच्या डोळ्यांपुढें पावसाळा उभा राहतो. हिरवे डोंगर, पायऱ्यांवरून वाहणारें पाणी, धबधबे, या सर्वांचें सौंदर्य मी नाकारीत नाहीं. परंतु जो देखावा पाहावयास आपण चाललों तो जुलै-ऑगस्टांत बहुधा ढगांच्या आड असतो. विंचूकाटा तर राहोच, दहा पावलांवरची कडाहि दिसत नाहीं, आणि न दिसणारी कडा हीच सर्वांत वाईट. पायऱ्यांवर शेवाळ धरतें. रविवारीं त्याच अरुंद दरवाज्यांतून जाणाऱ्यांची व येणाऱ्यांची अशी दाटी होते कीं मनुष्य आपल्या पायांनीं चालत नाहीं, लोकांच्या रेट्यानें चालतो.

आणि पाण्याविषयीं तर अधिकच जपावें. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. असें कां घडतें हें समजून घेतलें पाहिजे. सह्याद्रीचा हा भाग कठीण काळ्या कातळाचा आहे. वर माती थोडी. पाऊस मुरण्यास जागा नाहीं. आपण उभे असतों तेथें केवळ भुरभुर असेल, परंतु वरच्या अंगास जोराची सर कोसळली तर तें सारें पाणी थोड्याच मिनिटांत त्या एका ओढ्यांतून खालीं येतें. घोट्याइतकें पाणी पाहतां पाहतां गुडघ्यापर्यंत चढतें, आणि गुडघाभर वाहत्या पाण्यांत निसरड्या दगडावर मोठा माणूसहि टिकाव धरूं शकत नाहीं. यास्तव पावसाळ्यांत धबधब्याच्या प्रवाहांत उतरूं नये. ओढा ओलांडतांना पाणी गढूळ होऊं लागलें किंवा त्यांतून पाला व काटक्या वाहत येऊं लागल्या, तर फोटो राहो, चपला राहोत, तत्काळ उंच बाजूस निघावें. अधिकाऱ्यांनीं बंदी केली असेल त्या दिवशीं जाऊंच नये. ती बंदी बहुधा अशाच एखाद्या दिवसाच्या आठवणीनें घातलेली असते.

म्हणून ज्यांना देखावा पाहावयाचा आहे त्यांनीं दसरा-दिवाळीनंतर निघावें. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळीं खोऱ्यांत धुकें असतें, दहाच्या सुमारास तें विरतें, आणि आपण महादरवाज्यांत पोंचतों तों पडदा वर गेलेला असतो. पुढें मार्चपासून गवत वाळतें आणि ऊन असह्य होतें. एप्रिल-मे महिन्यांत, तसेंच पाऊस परततांना, दुपारनंतर विजा होतात. गडाचा माथा उघडा, आणि तेथें सर्वांत उंच वस्तु म्हणजे आपणच. वीज चमकल्यापासून तीस आंकडे मोजण्याच्या आंत गडगडाट ऐकूं आला तर वीज जवळ आहे असें समजावें, आणि माथा सोडून खालीं यावें. एक वाजतां परत फिरण्याचा आपला नियम येथेंहि उपयोगीं पडतो.

शिदोरी आणि सामान यांविषयीं थोडक्यांत सांगतों. पाणी चालण्याच्या दर तासास माणशीं अर्धा लिटर धरावें. म्हणजे दिवसास तीन लिटर. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो होतें, तेव्हां सहा माणसांचें पाणी अठरा किलो झालें. तें एकाच्याच पाठीवर लादूं नये. लहान मुलानें स्वतःची एक बाटली घ्यावी, बाकीचें मोठ्यांनीं वांटून घ्यावें. लोहगडवाडींत पाणी व जेवण मिळतें, परंतु भिस्त आपल्या पिशवीवर असावी. खाण्यास पोळीभाजी, दशम्या, गूळ-शेंगदाणे, कांदा, लिंबू. ज्याला घाम फार येतो त्याच्यासाठीं मीठ-साखर घातलेलें लिंबाचें पाणी. श्रीखंड-पुरी घरीं परतल्यावर. पायांत वापरून सैल झालेला, तळास खांचा असलेला बूट असावा. नवा बूट सहलीच्या दिवशीं प्रथम घालणें म्हणजे फोडांस आमंत्रण देणें होय. डोक्यास टोपी, हातांत एखादी काठी, पिशवींत विजेरी, पट्टीचें कापड, जखम धुण्याचें औषध, नेहमींची औषधें आणि एक शिट्टी. कड्यांच्या आधारानें आग्यामाशांचीं पोळीं असतात; तेथें धूर करूं नये, दगड मारूं नये, भारी अत्तर लावून जाऊं नये. गड संरक्षित स्मारक आहे. तेथें तिकीट असतें व भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या आधीं पाहून घ्याव्यात. तसेंच दुपारच्या वेळीं लोकलगाड्या विरळ असतात आणि वेळापत्रक बदलत राहतें. परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा निघण्याच्या आदल्या दिवशीं कागदावर उतरून घ्याव्यात. आणि नेलेला प्रत्येक कागद व प्रत्येक बाटली परत आणावी, हें सुशिक्षितांस सांगावें लागूं नये, तरीहि सांगतों.

याखेरीज एक वस्तु घरींच ठेवून जावयाची असते. ती म्हणजे चिठ्ठी. कोठें चाललों, कोणत्या वाटेनें, किती माणसें, आणि कोणत्या वेळेपर्यंत निरोप न आल्यास काळजी करावी, एवढ्या चार ओळी शेजाऱ्याकडे किंवा घरीं राहणाऱ्याकडे द्याव्यात. आजकाल प्रत्येकाच्या खिशांत दूरध्वनि असतो, म्हणून चिठ्ठीची कशास जरूर, असें तरुणांस वाटतें. परंतु डोंगराच्या आड तो बोलत नाहीं, आणि दिवसभर फोटो काढल्यावर संध्याकाळीं त्याची शक्तिहि संपलेली असते. एक तरी दूरध्वनि बंद करून पिशवींत राखून ठेवावा. संकटाच्या वेळीं ११२ हा क्रमांक आणि रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक मुलांसहि पाठ असावेत. दूरध्वनि चालला नाहीं तर शिट्टी चालते. मिनिटांत सहा वेळां वाजवावी, मग एक मिनिट थांबावें, पुन्हां सहा वेळां. डोंगरांत मदत मागण्याची ही सर्वत्र मानलेली खूण आहे.

आतां मुख्य आंकड्याकडे, म्हणजे दुपारच्या एकाकडे, पुन्हां येतों. समजा, गाडी उशिरां आली. समजा, खिंडींत कोणाचें पोट दुखूं लागलें. साडेअकरा वाजले आणि महादरवाजा अद्याप आला नाहीं. अशा वेळीं विंचूकाटा सोडून द्यावा, आणि माथ्यावर थोडेंसें फिरून परतावें. त्याहूनहि उशीर झाला, तर एक वाजतां आपण जेथें असूं, मग तें नारायण दरवाज्याचें उंबरठें असो कीं वाडीचें झाड असो, तेथूनच माघारीं फिरावें. हें लिहिण्यास सोपें आणि करण्यास फार कठीण आहे. टोंक समोर दिसत असतें. कोणी तरी म्हणतो, "आलोंच कीं, आणखी वीस मिनिटें!" त्या वीस मिनिटांचीं चाळीस होतात, चाळीसांचा तास होतो, आणि तो तास शेवटीं उतरणीवर, थकलेल्या पायांच्या व मावळत्या उजेडाच्या वांट्यास येतो. चढतांना पाय चुकला तर मनुष्य पुढें हातांवर पडतो. उतरतांना चुकला तर घसरत खालीं जातो. गुडघे दुखूं लागलेले असतात, लक्ष गाडीकडे लागलेलें असतें. उतरण्यासाठीं शक्तीचा तिसरा हिस्सा तरी राखला पाहिजे.

म्हणूनच परतीची वेळ घरीं, सर्वांच्या संमतीनें ठरवावी. डोंगरावर ती ठरवूं लागलें तर माघारीं फिरा म्हणणारा भित्रा ठरतो आणि पुढें चला म्हणणारा शूर ठरतो. घरीं ठरलेल्या वेळेस मात्र कोणाचाच अपमान होत नाहीं. गड शेंकडों वर्षें तेथें उभा आहे, पुढच्या महिन्यांतहि राहील. माघारीं फिरलेली सहल फसली असें समजूं नये. ज्या सहलीहून सारे जण परत आले आणि पुन्हां जावेंसें त्यांना वाटलें, ती सफळ.

परतीच्या वाटेवर भाज्याचीं लेणीं आहेत. जातांना त्यांचा मोह टाळून येतांना पाहावींत असें मी म्हणतों, तें याच हिशेबानें. लेण्यांपाशीं आलों म्हणजे मुख्य उतार संपला, स्टेशन आटोक्यांत आलें. वेळ असेल तर पायऱ्या चढून जावें, नसेल तर सोडून द्यावें. म्हणजे हा तास आपली शिल्लक आहे. वेळ असल्यास मात्र चुकवूं नये. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेलीं ही बावीस लेणीं आहेत. त्यांतील चैत्यगृहाचे खांब किंचित् आंत कललेले आहेत. लांकडी इमारतींत छताचा भार सोसण्यासाठीं खांब तसे तिरके लावीत; कोरीव दगडाला त्याची कांहींच जरूर नव्हती, तरी कारागिरांनीं हाताची जुनी संवय दगडांतहि उतरविली. दिवसभर चालून आलेलीं मुलें त्या थंड जागीं मुकाट्यानें बसतात, आणि अशा वेळीं सांगितलेलें त्यांच्या ध्यानांत राहतें.

माझा वेळ संपत आला. आपण आज रात्रीं जेवणें झाल्यावर एक कागद घ्यावा. त्यावर सर्वांत वर परतीची वेळ लिहावी. तिच्याखालीं मंडळींतील सर्वांत सावकाश चालणाऱ्याचें नांव लिहावें, आणि बाकीचा सारा बेत त्या दोहोंस विचारून ठरवावा. गाडी, डबा, पाणी, वाट, हीं सर्व त्यांच्यामागून आपोआप जागेवर बसतील. तें नांव एखाद्या सहा वर्षांच्या मुलीचें असेल, नुकत्याच आजारांतून उठलेल्या भावाचें असेल, कदाचित् ज्या घरच्या कर्त्यानें हा बेत काढला त्याचेंच असेल. ज्याचें असेल त्याला पुढें चालूं द्यावें. विंचूकाट्याच्या कड्यावर सर्व मंडळी एकदम पोंचतील, पवनेचें पाणी सर्वांना एकाच वेळीं दिसेल, आणि घरीं परतल्यावर त्याविषयीं बोलतांना कोणालाहि गप्प बसावें लागणार नाहीं.